सर्वांकडे मान फिरवणाऱ्या पंखेरावांस
श्री. उभे पंखेराव,
मु. पो. सोनई, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर यांस,



आपण आमच्या घरी आलात त्याला हा तिसरा उन्हाळा. आल्या दिवशी आईनं आपल्याला हळदकुंकू लावलं. आम्ही दांड्याचा स्क्रू सैल करून आपली उंची वाढवली, मागची खुंटी दाबली आणि आपण मान फिरवू लागलात. वाटलं, एकेकाची विचारपूस चाललीय. आता कळतंय, गारवा मागणाऱ्या प्रत्येकाला आपण ‘नाही, नाही’ म्हणत होतात.

सोनईला अशी विचारपूस नवी नाही. गावात साखर कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहे, म्हणजे निवडणुकाही आल्या. ‘हवा’ कुणाची, हे इथलं पोरगंही सांगेल. त्या हवेत आणि आपल्या हवेत एवढंच साम्य, की वाहते फार, थंड काही होत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, डोक्यावरचा पत्रा तव्यासारखा तापतो आणि आपण तीन नंबरवर तीच हवा तोंडावर फेकता. चुलीपुढे बसलेलं बरं, तिथं निदान भाकरी तरी मिळते.

पण भाच्यानं आमचीच शिकवणी घेतली. म्हणाला, “मामा, पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून गार वाटतं. रिकाम्या खोलीत त्याच्या मोटरीची ऊब तेवढी वाढते. आणि चाळीस अंशांच्या वर पंख्यानं अंग उलट तापतं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.” म्हणजे ‘जेवण होईस्तोवर खोली गार होईल’ म्हणून आपल्याला तासन्‌तास एकटं फिरवणारे शहाणे आम्हीच! शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा. आम्ही मात्र खिडक्या लावून, आपल्याला आत कोंडून गारवा मागत होतो.

परवा रात्री उसाकडून गार झुळूक आली, तेव्हा आपल्याला खिडकीशी, तोंड बाहेर करून उभं केलं. खुंटी वर ओढली, मान थांबवली. आतली ऊब बाहेर गेली, मागच्या दारानं गारवा आत आला. आई पहाटेपर्यंत उठली नाही. मान न फिरवता, एका जागी उभं राहून काम करणारा या गावात आम्ही प्रथमच पाहिला!

यावर आपलं म्हणणं ऐकायला आज पुन्हा खुंटी दाबली होती. पण एवढ्यात लाईट गेली, आणि आपली मान नेमकी भिंतीकडे वळून थांबली आहे.

आपला घामाघूम,
एक वीजबिल भरणारा