एटी-नाइंटी मामा

शारजाच्या रोल्ला चौकात शुक्रवारी संध्याकाळी अर्धा भारत आणि त्याचे शेजारी हवा खायला उतरतात. इथला तो प्रसिद्ध वड १९७८ मध्ये पडला, पण पारावरच्या गप्पा काही उठल्या नाहीत. मामा त्याच गप्पांतले.

खरं नाव पगारपत्रकात असेल. खेड-चिपळूणकडच्या ड्रायव्हर पोरांत ते 'एटी-नाइंटी मामा'; एटी-नाइंटी हा गिअर ऑइलचा एक ग्रेड. इंडस्ट्रियल एरियातल्या एका यार्डात फोरमन. स्वतःला एक दिरहमचा कडक चहा पुरतो, तोही समोरच्याने पाजला तर. पण गिअरबॉक्सच्या तेलात कुणी दहा दिरहम वाचवले की मामांचा जीव कासावीस.

ट्रक आहेत तिथे हा माणूस असतोच. इंजिनावर तो बोलत नाही. इंजिनावर काय, कुणीही बोलतं. गिअर अडकतो म्हणा, लगेच खुर्ची जवळ ओढेल.

परवा एक पोरगा म्हणाला, "मामा, थ्री टन पिकअपचा दुसरा गिअर करकरतो."

"तेल कुठलं टाकलंस?"

"जीएल-५. दुकानदार म्हणाला, जीएल-४ पेक्षा भारी."

मामांनी मयताची बातमी ऐकावी तसा चहाचा कप खाली ठेवला. मग पोराच्या खिशातलं फडकं ओढून हुंगलं. "गंधक!"

पुढे कीर्तनच. "अरे, पाच नंबर डिफरन्शियलसाठी. तिथे दातावर दात घासत सरकतो, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचा मसाला जवळजवळ दुप्पट. तुझ्या गिअरबॉक्सात पितळेच्या सिंक्रो रिंगा. तेल तापलं की तो मसाला पितळ खातो. शिवाय रिंगेने जरा धरायला हवं, तरच गिअरची गती जुळते. इतक्या बुळबुळीत तेलात ती धरणार काय, कपाळ?"

"पण मामा, ४५ डिग्रीत जाड तेलच बरं ना?" दुसरा कुणी म्हणाला. हा नवखा असावा.

"९० आकडा बघून जाड म्हणतोस? गिअर ऑइलचं माप वेगळं, इंजिन ऑइलचं वेगळं. गिअरचं ७५डब्ल्यू-९० साधारण इंजिनच्या १०डब्ल्यू-४० एवढंच जाड!" काही गिअरबॉक्सांत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल चालतं, काही मोठ्या ट्रकांत चक्क इंजिन ऑइल, हेही ऐकवून झालं. ते कुणी विचारलंच नव्हतं.

पोरगा उठू लागला, तर मामांनी मनगट धरलं. "खालचा नट खोलण्याआधी वरचा भरायचा नट सुटतोय का बघ. तेल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथेच. खालच्या नटाच्या चुंबकावर काळी पेस्ट असेल तर ठीक. तुकडे निघाले तर मला फोन करू नको, मालकाला कर."

"पण मग टाकू कुठलं?"

"पुस्तक बघ ना गाडीचं!"

पोराने गाडीच्या खणातलं पुस्तक आणलं. सगळं अरबी. मामांनी उलटसुलट चाळलं. एका तक्त्यात मधेच ओळखीचे आकडे सापडले: ७५डब्ल्यू-८५, जीएल-४. एटी-नाइंटीचा पत्ताच नाही. सगळे मामांकडे बघू लागले.

मामांनी चष्मा पुसला. "मग तासभर मी काय सांगतोय? ४!" आणि पोराच्या नावावर दुसरा चहा मागवला.