झाकलेले सर्किट
क्लॉन सेंटॉर हे इलेक्ट्रिक गिटारचे ओव्हरड्राइव्ह पेडल. बिल फिनेगन यांनी अमेरिकेत १९९४ ते २००८ या काळात ते हाताने जोडून विकले. नक्कल होऊ नये म्हणून आतल्या सर्किटवर इपॉक्सीचा थर ओतला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तो आकडाही कमी पडतो, जुना सेंटॉर आज हजारो डॉलरला जातो. थर खरवडल्यावर निघाले ऑप-अँप, रेझिस्टर आणि जर्मेनियमचे डायोड. विकत घेणारा पुष्कळदा गेनचे बटण जवळजवळ शून्यावर ठेवतो आणि नुसता आवाज जरा वाढवून घेतो. इतके पैसे मोजूनही अँपमधली घूंऽऽ तशीच राहते. ती बहुधा ९ व्होल्टच्या एकाच स्वस्त अडॅप्टरवर लटकवलेल्या पाच पेडलांची असते. चांगला पॉवर सप्लाय खरेदीच्या यादीत तळाशी, पेडल चिकटवायच्या वेलक्रोच्याही खाली.