घोटेपारखी अण्णा

सावित्रीचं पाणी कुठल्या साली बाजारपेठेत कुठवर चढलं, हे महाडकराला तोंडपाठ असतं. स्टँडवरच्या अण्णांना मात्र माणसाच्या पायात रक्त कसं चढतं याचीच काळजी. असा एक अण्णा महाडला असतो, एक पोलादपूरला. समोरचा बोलायला लागला की यांची नजर त्याच्या तोंडाकडे नसते, चपलेकडे असते.

"कंडक्टर ना तुम्ही?"

"कसं ओळखलंत?"

"घोट्यावरून!" अंगावरचा खाकी गणवेश अण्णांना दिसलेलाच नसतो, असं आपण समजायचं.

मग कंडक्टरचा पाय बाकावर येतो आणि अण्णांच्या खिशातलं बॉलपेन बाहेर. "ही बघा, बोटांच्या मागे पावलावर निळी कमान. हा आपला डेपो. इथून दोन गाड्या सुटतात. एक आतल्या घोट्याच्या पुढून निघून मांडीवरून थेट जांघेत. ही मुंबई गाडी, अंगातली सगळ्यात लांब शीर! दुसरी बाहेरच्या घोट्याच्या मागून पोटरीवर चढते आणि गुडघ्याच्या मागे संपते. ही पोलादपूर लोकल."

"आणि चढ हो?"

"आंबेनळी घाट आहे नुसता! पण इंजिन पोटरीत. तुम्ही चाललात की पोटरी आवळते, रक्त वर जातं. आत झडपा असतात म्हणून गाडी मागे घसरत नाही. तासन् तास उभे राहिलात की रक्त तुंबतं. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगून वाकड्यातिकड्या होतात. त्यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात."

इथवर सगळं पुस्तकातल्यासारखं बरोबर. पण अण्णा तिथे थांबतील तर अण्णा कसले! "बायपासला हीच मुंबई गाडी पायातून काढून हृदयावर जोडतात," असं ते सहज सांगतात. तेही खरंच असतं, पण कंडक्टर घाईघाईने पाय चपलेत घालतो.

चुकतात ते पुढे. शीर निळी म्हणजे रक्तही निळं, हे त्यांचं ठाम मत. (ते गडद लाल असतं, निळेपण कातडीतून दिसण्याचं.) निळ्या शिरेवर बोट ठेवून ते "नाडी जोरात आहे" असंही सांगतात. शिरेला ठोका नसतो. ठोका लागतो तो शेजारच्या धमनीचा. बोट दोन सूत सरकलेलं असतं, म्हणून अण्णांची अब्रू वाचते.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, विंचूदंशावरच्या कामाने जगभर पोचले आणि २०२२ साली पद्मश्री झाले. अण्णांना त्यांचा अभिमान आहे, पण वाटणी स्पष्ट आहे. "डॉक्टर विंचवाचे, आपण शिरांचे. आणि विंचू चावतो कुठे? पायालाच ना? म्हणजे निम्मं खातं आपलंच."

रायगडावर रोपवेने जाणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "हिरकणी पाळण्यातून उतरली असती तर बुरुजाला तिचं नाव मिळालं असतं का? पोटऱ्या होत्या म्हणून उतरली!"

आता अण्णांचं स्वतःचं. घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पण येणं-जाणं रिक्षाने. दिवसभर बैठक बाकावर, पाय खाली सोडून. आणि पायात बारमाही मोजे. भर मे महिन्यात, महाडच्या उकाड्यात कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं, "थंडी बाधते." मोज्यांच्या आत कुठली गाडी कुठे अडकली आहे, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

शास्त्र पक्कं, शास्त्रज्ञ बसलेला. तेव्हा अण्णा भेटले तर त्यांचं ऐका, त्यांच्यासारखं बसू मात्र नका. गाडीला उशीर असेल तर फलाटावर चार फेऱ्या मारा, टाचा उचला-टेका, रात्री पायांखाली उशी घ्या. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर बॉलपेनची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठा.