एकूण सांगू, की घटकवार?

मुठा गावात आप्पांना 'भात कसा झालाय?' असं कुणी विचारत नाही. शेजारच्या नव्या सुनेनं एकदा विचारलं होतं. आप्पांनी शितं बोटानं दोन बाजूंना सारली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "एकूण सांगू, की घटकवार?" आंबेमोहरात इंद्रायणी मिसळलीय हे त्यांना वासावरून कळलं होतं, किती, ते ठरेपर्यंत भात गार झाला. इंद्रायणी आंबेमोहराचीच लेक. आईत मिसळलेली लेक वेगळी काढायची तर वेळ लागणारच, असं त्यांचं म्हणणं.

आप्पांनी उभी हयात मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत रेअर अर्थ मूलद्रव्यं मोजण्यात घालवली. नावात 'रेअर' असलं तरी त्यातलं सेरियम जमिनीत साधारण तांब्याइतकं सापडतं. पंचाईत निराळीच आहे. ही सतरा भावंडं वागायला इतकी सारखी, की एकाला हाक मारली तर सगळी ओ देतात. मोसांडरनं १८४१मध्ये एक नवं मूलद्रव्य शोधलं, डिडिमियम. १८८५ साली आउअरनं दाखवलं, की ते एक नव्हेच, दोन आहेत : एकाचे क्षार हिरवे, दुसऱ्याचे जांभळट. "चव्वेचाळीस वर्षं दोघं एका रेशनकार्डावर जगले!" हे सांगताना आप्पांचा आवाज अजून चढतो.

एकूण काढणं सोपं, हे त्यांचं ठाम मत. ऑक्झॅलिक आम्लानं साका पाडा, भाजा, विरघळवा, झायलेनॉल ऑरेंज घाला आणि ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडा. लालसर जांभळ्याचं लिंबासारखं पिवळं झालं, की बेरीज हातात. पण बेरीजच. कुणाचा वाटा किती, हे ब्युरेट सांगत नाही. त्यामुळे भावकीच्या सातबाऱ्याचे तंटे आप्पांकडे कुणी नेत नाही. निकाल लागायच्या आधी नमुना विरघळवावा लागेल अशी भीती वाटते.

मग आयसीपी-एमएस हे यंत्र आलं. नमुना प्लाझ्मात फुंकायचा आणि एकेकाला वजनावरून ओळखायचं. तिथंही फसवणूक आहेच. बेरियम ऑक्सिजनला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहतं : १३५ आणि १६, १५१. नेमकं युरोपियमचं वजन! नमुन्यात बेरियम भरपूर असलं, की नसलेलं युरोपियम दिसायला लागतं. तेव्हापासून आप्पांचा कुठल्याच काट्यावर विश्वास नाही. मुंबईहून आलेला जावई दारात उभा राहून म्हणाला, "वजन दोन किलोनं वाढलंय हो." आप्पांनी आधी त्याचा खिसा चाचपला.

नदीवरून तर ते हळवे होतात. आपल्या गावाच्या नावाची मुठा पुण्यात संगमाला जाते, मुळेला भेटते आणि पुढं दोघी जोडनावानं वाहतात. "डिडिमियम करून टाकलं दोघींचं!" मला वाटतं, एवढ्या नद्या एकमेकींत मिसळतात त्या आप्पांना न विचारताच, हे त्यांचं खरं दुःख असावं.

परवा टेमघरच्या बाजूनं पाऊस आला आणि वीज गेली. काकूंनी माळ्यावरची पेट्रोमॅक्स काढली. आप्पांना निमित्तच मिळालं. "हे जुनं मेंटल पाहिलंस? नव्याण्णव टक्के थोरियम, एक टक्का सेरियम. नुसतं थोरियम असतं तर मिणमिण. तो एक टक्का आहे म्हणून लख्ख!" थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "प्रत्येक घरात एक सेरियम लागतं बघ."

पंपाला दणके देत काकूंनी वर पाहिलं. "लागतं ना. मग त्या एक टक्क्यानं जरा रॉकेलचा कॅन इकडं सरकवावा."

आप्पांनी कॅन सरकवला. मात्र सरकवण्याआधी हुंगला.