ब्रँडने कच खाल्ली

आमच्या पेठेतल्या गिरणीत परवापरवापर्यंत तीन पाट्या होत्या. पहिली : 'डब्यावर नाव नसल्यास पीठ कोणाचेही निघू शकते.' दुसरी : 'ज्वारीवर गहू दळून मिळणार नाही. घाई असल्यास घरी जाते घ्यावे.' तिसरी अधूनमधूनच खिळ्यावर चढायची : 'दगडाला टाकी लावली आहे. कच खायची तयारी असेल त्यांनीच आत यावे.'

तयार पिठाच्या पिशव्यांवर वाढलेल्यांसाठी सांगतो. गिरणीचे दगड झिजून गुळगुळीत झाले, की छिन्नीने त्यांना पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. ती टाकी. त्यानंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कच उतरते. गिरणीवाले अण्णा त्या दिवशी पदरचं किडकं धान्य दळून टाकून द्यायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाला डब्यासकट परत पाठवायचे. 'उद्या या' एवढंच. उद्या किती वाजता, असं विचारणाऱ्याला परवा यावं लागे.

एरवीही अण्णा बोलायचे कमी. पन्हळीतून पडणारं गरम पीठ चिमटीत घ्यायचं, अंगठ्याने चोळायचं, चाक अर्धा आटा फिरवायचं. 'लाडवाला ना? मग रवाळच हवं,' हे आपल्याला न विचारता, पिठाला सांगितल्यासारखं.

तर अशा या गिरणीला व्यक्तिमत्त्व नाही, असा शोध अण्णांच्या धाकट्या चिरंजीवांना लागला. ते नुकतेच एमबीए होऊन आले होते. त्यांनी एक ब्रँड सल्लागार आणला. गिरणीत खुर्च्या नसल्यामुळे आम्ही चार जुनी गिऱ्हाइकं उलट्या डब्यांवर बसलो आणि पिठाने आधीच पांढऱ्या झालेल्या भिंतीवर स्लाइडी सुरू झाल्या.

सल्लागारांनी जेनिफर आकर या अमेरिकी बाईंच्या १९९७ सालच्या शोधनिबंधापासून सुरुवात केली. ब्रँडच्या स्वभावाची पाच अंगं बाईंनी त्यात मांडली आहेत : प्रामाणिकपणा, उत्साह, निपुणता, अभिरुची आणि रांगडेपणा. 'यातलं तुमचं कोणतं?' अण्णा म्हणाले, 'प्रामाणिकपणा ठेवा. बाकी चारांचे पैसे बिलातून कमी करा.'

मग बारा साचे आले. वीर, बंडखोर, विदूषक, निरागस, जादूगार वगैरे. युंगच्या कल्पनेवरून मार्क आणि पिअर्सन या दोन लेखिकांनी २००१ साली ते ब्रँडसाठी बेतले. 'प्रियकर' या साच्याशी सल्लागार जरा रेंगाळले, तेव्हा काकू उठून आत गेल्या.

'बरं, तुमचा ब्रँड माणूस असता, तर कोण असता?'

'मीच,' अण्णा म्हणाले. 'दुसऱ्याला पगार कोण देणार?'

पुढच्या स्लाइडवर अमूलची मुलगी होती. १९६६ पासून त्याच ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये आहे आणि दर आठवड्याला देशाच्या कारभारावर शेरे मारते आहे. तिच्यामागे एक जाहिरात संस्था राबते, हे सल्लागारांनी आदराने सांगितलं. मला राहवेना. मी मिठाईवाल्या चितळ्यांचं नाव काढलं. त्यांचं दुकान दुपारी १ ते ४ बंद असायचं, त्यामागे कोणती संस्था होती? कुणीही नाही, नुसतं जेवण आणि वामकुक्षी. २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. विनोद मात्र अजून १ ते ४ बंदच आहेत. सल्लागार म्हणाले, 'ते ऑरगॅनिक झालं सर. आपल्याला स्केलेबल हवंय.'

महिन्याभरात एक गुळगुळीत पुस्तिका आली. गिरणीचं नाव बदललं. ते इथे देत नाही, कारण मला ते अजून नीट उच्चारता येत नाही. गिऱ्हाइकाला 'पाहुणा' म्हणायचं. दळणाला 'अनुभव' म्हणायचं. 'नाही' हा शब्द गिरणीच्या हद्दीत वर्ज्य. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना फोनवर निरोप आला, 'हाय! तुमचा डबा तुम्हाला खूप मिस करतोय,' आणि पुढे एक रडका चेहरा. आजी घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या. त्यांना वाटलं, अण्णांचंच काही बरंवाईट झालं.

तिन्ही पाट्या 'निगेटिव्ह' म्हणून निघाल्या. त्यांच्या जागी डिझायनरने केलेली एक 'अस्सल पुणेरी' पाटी लागली, कडांना छापील गंजासकट : 'येथे पीठ मिळेल, अक्कल घरून आणावी.' तरुण मुलं तिच्यासोबत फोटो काढतात, दळण आणत नाहीत. जुन्या पाट्यांत मुळात कामाची सूचना असायची, अपमान वर कोसरीसारखा फुकट. नव्या पाटीत नुसती कोसरीच. आणि तिच्याखाली अण्णा, पुस्तिकेच्या अकराव्या पानाप्रमाणे, दात दिसतील असं हसत उभे.

परवा सल्लागार स्वतः दहा किलो गहू घेऊन आले. आपल्याच ब्रँडचा अनुभव घ्यावा म्हणून. आदल्या रात्रीच दगडाला टाकी लागली होती. किडक्या धान्याचं पोतं कोपऱ्यात तसंच होतं. अण्णांनी सवयीने खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा होता.

'दळून मिळेल ना?' सल्लागारांनी विचारलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुस्तिकेकडे. मग इतकं गोड हसले, की मी त्यांना तसं चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

'पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं?' असं म्हणून त्यांनी सगळे गहू वर ओतले. चिमटीत पीठ काही घेतलं नाही.

रात्री साडेनऊला, म्हणजे साधारण जेवणाच्याच वेळी, गिरणीच्या नंबरवरून त्यांना निरोप गेला असणार. तो सगळ्यांनाच जातो : 'कसा होता तुमचा आजचा अनुभव? पाच तारे द्यायला विसरू नका!'