टायरराव

टायररावांची ओळख करून घ्यायची तर त्यांची मोटरसायकल मागून बघावी लागते, आणि ती मागूनच बघितली जाईल अशी तजवीज त्यांनी आधीच केलेली असते. सोसायटीत गाडी लावताना तिचं तोंड भिंतीकडे असतं. मागचं मडगार्ड कापलेलं असतं, नंबरप्लेट दिव्याखाली कुठेतरी वर सरकवलेली असते. पावसाळ्यात या सोयीमुळे चिखलाची एक सरळ रेघ त्यांच्या पाठीवरून थेट मानेपर्यंत जाते. ते ती मिरवतात. मोबाइलमध्ये गाडीचे ढीगभर फोटो, आणि सगळे पाठमोरे. हेडलाइट कसा आहे, हे घरच्यांना आठवावं लागतं.

पेट्रोल पंपावर कुणीतरी विचारतं, “केवढा बसवलाय?” या एका प्रश्नासाठी टायरराव पंपावर जातात, पेट्रोल निमित्तमात्र. “एकशेचाळीस,” ते म्हणतात. एकशेचाळीस काय, ते सांगत नाहीत. विचारणाराही विचारत नाही.

अशी माणसं पूर्वी नव्हती, कारण तसे टायर नव्हते. जुन्या बुलेटला पुढे-मागे सव्वातीन इंचीच. आरएक्स १०० च्या मागे पावणेतीन इंची. तेवढ्यावर ती गाडी एका पिढीची झोप उडवून गेली. स्प्लेंडरवाल्याने तर आपल्या टायरचं माप आयुष्यात वाचलं नसेल. मग २००८ साली यामाहाने एफझी आणली, दीडशे सीसीची गाडी आणि मागे चक्क १४० मिलिमीटर. पुढे चाकणला बनणाऱ्या ड्यूकने ते १५० वर नेलं. पण खरा घाव बसला तो पहिल्या आर-फिफ्टीनच्या मालकांना. २००८ च्या त्या गाडीला मागे १०० चा टायर होता आणि २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीला १३० चा. शेजारच्याच्या नव्या गाडीला आपल्यापेक्षा तीस मिलिमीटर जास्त, हे दुःख सोसून कितीजण टायररावांच्या पंथाला लागले याची मोजदाद नाही. कंपनीने नुसता टायर बदलला नव्हता, त्याबरोबर चाकाची डिस्क रुंद केली होती आणि मागचं चाक धरणारा चिमटाही नवा दिला होता. पण मत्सराला चिमटा दिसत नाही.

टायररावांच्या वडिलांना यातलं काहीच पटत नाही. त्यांची हयात चेतकवर गेली. “आमच्या स्कूटरला पुढचा, मागचा आणि स्टेपनी, तिन्ही साडेतीन-दहा. कुठलाही कुठेही लागायचा,” ते म्हणतात. “बाबा, ते स्कूटर होतं हो,” असं म्हणून चिरंजीव विषय संपवतात. ‘होती’ नव्हे, ‘होतं’. नपुंसकलिंग मुद्दाम.

टायररावांची गाडी दीडशे सीसीची, मागे कंपनीचा १००/९०-१७. या तीन आकड्यांपैकी ते फक्त पहिला वाचतात. दुसरा आकडा उंचीचा; टायरची उंची म्हणजे रुंदीच्या किती टक्के, ते सांगणारा. तिसरा डिस्कचा व्यास, इंचांत. म्हणजे एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच सुखाने नांदतात, आणि याला जगभरचे इंजिनिअर प्रमाण माप म्हणतात. पुढे वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. ५५ पी म्हणजे २१८ किलो आणि ताशी १५० किलोमीटर. टायररावांचं स्वतःचं वजन ५५ च्या आसपास असल्यामुळे तो आकडा ते वैयक्तिक समजतात.

एक माप मात्र टायरवर नसतंच. ते डिस्कवर कोरलेलं असतं. टायररावांच्या गाडीवर ते आहे २.५०, म्हणजे डिस्कची आतली रुंदी अडीच इंच. पुण्याच्या नाना पेठेतल्या टायरवाल्या चाचांनी फडक्याने ग्रीस पुसून ते त्यांना दाखवलंसुद्धा. “भाऊ, अडीचची डिस्क आहे. एकशेदहा-ऐंशी घाला, मख्खन चालेल. एकशेचाळीसला चारची डिस्क लागते.”

“चाचा, तुम्ही बसवा. बाकी मी बघतो.”

चाचांनी बसवला. बाकी मात्र सगळं चाचांनाच बघावं लागलं. आधी चेन टायरच्या डाव्या अंगाला घासली, म्हणून चेनकव्हर निघालं. तरी घासते म्हणून चाक चिमट्यात जेवढं मागे जाईल तेवढं ओढलं. चेन अपुरी पडली, तिच्यात कडी वाढवली. मग टायर मडगार्डला लागायला लागला. १४०/७० हा १००/९० पेक्षा व्यासाने सोळा मिलिमीटर मोठा, त्यामुळे आठ वर सरकणारच. मडगार्डचा उरलासुरला भागही गेला. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या फळीवर गाडीचे इतके अवयव जमले की चाचांनी एकदा विचारून घेतलं, “भाऊ, घरी नेणार ना हे?”

आणि आता या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रम्य भाग. टायरवर छापलेली रुंदी ही तो ठरलेल्या मापाच्या डिस्कवर असतानाची रुंदी असते. १४०/७० साठी ती डिस्क चार इंची. डिस्क अर्ध्या इंचाने अरुंद झाली, की टायर साधारण पाच मिलिमीटरने आकसतो. टायररावांची डिस्क दीड इंचाने अरुंद. म्हणजे पंधरा गेले. १४० चे पैसे मोजून त्यांच्या गाडीमागे फिरतोय तो १२५ चा टायर. हा हिशेब त्यांना मांडून दाखवणारा एक मित्र होता. होता.

शिवाय दोन्ही काठ आत ओढले गेल्यामुळे टायरची पाठ कुबडासारखी वर आली. सरळ रस्त्यावर टेकतो तो मधला चिंचोळा पट्टा, बाजूचा जाडजूड रबर नुसता प्रेक्षक. गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप सुस्तावला. व्यास वाढल्यामुळे प्रत्येक गिअर अडीच टक्के लांब झाला आणि वर रबराचं वजन. टायरराव म्हणतात, “आता गाडी प्लांटेड वाटते.” हा शब्द त्यांनी कुठून आणला कोण जाणे, पण गाडी जागची लवकर हलत नाही या अर्थाने तो चपखल आहे.

रविवारी मंडळी ताम्हिणी घाटात जातात. कोलाडच्या बाजूला उतरून वडापाव खायचा, परत यायचं, आणि मग एकमेकांच्या मागच्या टायरचे काठ तपासायचे. गाडी वळणावर जितकी झुकेल तितका टायर काठापर्यंत झिजतो. न झिजलेल्या कोऱ्या पट्टीला या जगात चिकन स्ट्रिप म्हणतात, आणि ती पट्टी म्हणजे भित्रेपणाचा लेखी पुरावा. टायररावांची पट्टी पूर्वी बोटभर होती. नव्या टायरवर ती दोन बोटं झाली! धैर्य तेवढंच होतं. कुबड आल्यामुळे टायरचे काठ रस्त्यापासून आणखी दूर गेले होते, इतकंच. पण भूमितीची बाजू घाटात कोण ऐकून घेतो? रात्री सगळे झोपल्यावर पार्किंगमधून खसखस आवाज येतो. वॉचमनला वाटतं उंदीर. टायरराव पॉलिश पेपर घेऊन काठ घासत असतात.

एवढं असूनही हा माणूस निरुपद्रवी आहे, असं आमचं मत. सायलेन्सरवाल्यांसारखा तो रात्री कुणाची झोप मोडत नाही (उंदीर वगळता). चिंता एवढीच, की ओल्या रस्त्यावर, तिरक्या गाडीवर, कुबडाच्या उतारावर तो नेमका किती रबरावर उभा आहे, हे त्याला ठाऊक नसतं. पुण्यातच, वेताळ टेकडीवर, एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे. कंपनीच्या गाड्या असल्या तपासण्यांतून जातात तेव्हा बाजारात येतात. टायररावही तपासणी करतात. गाडीपासून दहा पावलं मागे जातात, मान तिरकी करतात आणि “एक नंबर” असं प्रमाणपत्र देतात.

यथावकाश लग्न ठरतं, आणि गाडी विकायला निघते. जाहिरातीत किमतीच्याही आधी ‘मागे १४०’. पहिले गृहस्थ आले ते पोस्टातले, निवृत्तीला आलेले. त्यांनी मागून बघितलंच नाही. पुढून बघितलं, किक मारली, अ‍ॅव्हरेज विचारलं, ते ऐकून चष्मा काढला. “ओरिजिनल टायर ठेवलाय का हो?” तो टायर गच्चीवर आहे, त्यात आईंनी अळू लावलाय. “मग चेनकव्हर?” तेही अळवाजवळच. गृहस्थ निघून गेले.

दुसरा आला तो कॉलेजचा मुलगा. तो थेट मागे गेला, उकिडवा बसला. टायर आणि चिमट्यामधल्या फटीत त्याने बोट घालून बघितलं. बोट अर्ध्यावर अडलं. टायररावांचा जीव भांड्यात पडला. हा माणूस आपला.

मुलाने मान वर केली. “दादा, यात दीडशे बसेल ना?”