अठरा इंचांचं हरिण

पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे जवळजवळ सणच. हंगाम सुरू झाला की कित्येक गावांत शाळांना सुट्टी देतात, कारण पोरं तर येत नाहीतच, मास्तरही रानात गेलेले असतात. अशा मुलखात सासरे वारले की जावयाच्या वाट्याला बऱ्याचदा एक रायफल येते आणि तिच्यावर स्वार झालेली एक जुनी दुर्बीण. रायफलीचं गणित जावईबापूंना ठाऊक असतं. दुर्बिणीला डोळा लावल्यावर मात्र त्यांची बोलती बंद होते. फुली दिसणार हे अपेक्षित होतं. पण फुलीच्या वर दोन आडव्या रेघा कशाला? आणि एका बाजूला कमानदार खिडकीत २००, ३००, ४०० असे आकडे कोणी लिहून ठेवलेत?

ही डेन्व्हरच्या रेडफील्ड कंपनीची साठच्या दशकातली 'अ‍ॅक्यु-रेंज'. तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दाखवणारी, आणि वर अंतरही सांगणारी. लेसरची यंत्रं शिकाऱ्यांच्या खिशात यायला तेव्हा बराच अवकाश होता. तिची रीत अशी: हरणाची पाठ वरच्या रेघेला आणि छातीचा तळ खालच्या रेघेला टेकेपर्यंत पट बदलायचं कडं फिरवत राहायचं. हरिण दोन रेघांत चपखल बसलं की खिडकीतला आकडा वाचायचा. तितके यार्ड.

युक्ती खरोखर देखणी आहे. कडं फिरवलं की हरिण मोठं होतं, रेघा मात्र आहेत तेवढ्याच राहतात. त्यामुळे तीनपटीवर दोन रेघांमधल्या फटीत २०० यार्डांवरचे १८ इंच मावतात, आणि नऊपटीवर त्याच फटीत ६०० यार्डांवरचे १८ इंच. पट तिप्पट, अंतर तिप्पट. शाळेतलं त्रैराशिक, त्यात खोट काढायला जागा नाही.

खोट आहे ती हरणात. हे सगळं चालतं ते हरणाची छाती पाठीपासून तळापर्यंत १८ इंच भरते या बोलीवर, आणि ही बोली हरणाला कोणी कळवलेली नाही. लहान चणीची मादी १५ इंचांतच आटोपते. ती ३०० यार्डांवर उभी असली, तर तिला रेघांत बसवायला कडं जास्त फिरवावं लागतं आणि खिडकी बेधडक ३६० सांगते. २०० यार्डांवर नेम बांधलेल्या 'थर्टी-ऑट-सिक्स' रायफलीची गोळी ३०० यार्डांपर्यंत साधारण ८ इंच खाली येते, ३६० पर्यंत साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे खिडकीवर विश्वास टाकणारा माणूस नेम तेवढा उंच धरतो, गोळी पाठीवरून निघून जाते, आणि मादी चरायचं थांबवून आवाज कुठून आला ते बघते. बरं, हा मोजणीचा कार्यक्रम उरकेपर्यंत तिनं आडवं, स्वस्थ उभं राहायचं आहे. फोटोग्राफरपुढे नवरदेवही इतका वेळ उभा राहत नाही.

पण हे सगळं पुढचं. आधी नेम बांधायला हवा, आणि खरी परीक्षा तिथेच असते. दुर्बिणीच्या माथ्यावरचं आणि उजव्या कुशीवरचं अशी दोन टोपणं उघडायची. आत खाच पाडलेल्या चकत्या. त्या नाणं घालून फिरवायच्या. चकतीवर बाण, बाणाशी 'अप'. हा बाण फुलीचा नव्हे, गोळीचा. निशाणाच्या पुठ्ठ्यावरचं छिद्र वर जायला हवं असेल तर चकती बाणाकडे वळवायची. नवखा माणूस मात्र फुली कुठे सरकली ते बघत उलट हिशेब मांडतो, आणि पुठ्ठ्याच्या खाली लागणारी गोळी पुढच्या खेपेला मातीत जाते.

बाणाचा उलगडा झाला तरी जुन्या दुर्बिणी लगेच वळणावर येत नाहीत. १०० यार्डांवर कोनाचं एक मिनिट म्हणजे इंचाहून किंचित जास्त, हे कागदावर. प्रत्यक्षात दोन मिनिटं फिरवावीत तर छिद्र जागचं हलत नाही. आणखी एक गोळी झाडली की धक्क्यानं आतली स्प्रिंग जागी होते आणि मागची थकबाकी एकदम चुकती करते. म्हणून जुनी खोडं चकती फिरवली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकतात. काडतुसापेक्षा टिचकी स्वस्त.

लष्करालाही ही दुर्बीण आवडली. १९६६ पासून अमेरिकी मरीन दलानं रेमिंग्टन ७०० रायफलीवर हीच बसवून 'एम-४०' ही नेमबाजांची रायफल व्हिएतनामला नेली. तिथे कळलं की खिडकीची पट्टी प्लॅस्टिकची आहे. भिंगांतून ऊन थेट तिच्यावर एकवटायचं आणि अंतराचे आकडे वितळून जायचे. भिंगानं कागद जाळणाऱ्या कुठल्याही पोरानं हे आधीच सांगितलं असतं. सैन्यातल्या जेम्स लेदरवुडनं मात्र वाचायची कटकटच काढून टाकली. त्यानं कड्याला एक वक्र चकती जोडली. माणूस रेघांत बसवताना कडं जसं फिरेल तशी अख्खी दुर्बीण तिरपी होई आणि गोळीची घसरण आपोआप भरून निघे, ३०० ते ९०० मीटरपर्यंत. फक्त ती चकती एकाच काडतुसाच्या मापानं कापलेली. दुसरं काडतूस भरलं की चकती पहिल्याचाच हिशेब सांगत बसणार.

जावईबापूंचं एवढ्या ऐकीव माहितीवर समाधान होत नाही. ते बाजारातून लेसर यंत्र आणतात, पुठ्ठ्याची १८ इंची पट्टी कापून कुंपणाला उभी बांधतात आणि सासऱ्यांच्या दुर्बिणीची तोंडी परीक्षा घेतात. पट्टी हालत नाही, चरत नाही, मापातही चोख. दुर्बीण चांगल्या मार्कांनी पास होते. मग हंगाम उजाडतो. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात हरिण दिसतं ते बहुधा १०० यार्डांच्या आत, आणि खिडकीतली मोजणी सुरू होते २०० पासून.

अशी दुर्बीण विकायला काढली तर गिऱ्हाईक ना नेमाबद्दल विचारतं ना भिंगाबद्दल. कमानदार आकारामुळे त्या खिडकीला जाणकारांत 'थडगं' म्हणतात, आणि पहिला प्रश्न तोच येतो: थडगं शाबूत आहे ना?